जेवणाआधीचा विमा

एजंटसाहेबांच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "एखादी गोळी वर्षानुवर्षं चालू होती का?" साहेब आठवू लागले. त्यांच्या आधी त्यांची बायको म्हणाली, "छातीतल्या जळजळीची. रोज."

सगळे त्यांना एजंटसाहेब म्हणत. विमा विकायचे. पॉलिसी गळ्यात मारायची त्यांची जागा म्हणजे घरचं जेवणाचं टेबल. गिऱ्हाईक जेवायला यायचं, बायको पानं वाढायची, आणि पहिला घास उचलायच्या आधी साहेब खिशातून चंदेरी पट्टी काढायचे. कर्र असा आवाज. गोळी दोन बोटांत उंच धरायची. "आमच्या हिच्या हातचं जेवायचं म्हणजे जोखीम. जेवणाआधी विमा उतरवलेला बरा." मग घोटभर पाणी. गिऱ्हाईक पोट धरून हसायचं, आणि हसता हसता सही करायचं. मंडळी जास्त असली की साहेब दोन गोळ्या घ्यायचे. पाहुणे नसले तर लेकीसमोर. लेकही हसायची. बायको हसली नाही तर म्हणायचे, "बघा, हिला विनोद पचत नाही, आणि आपल्याला हिचं जेवण."

कधी काळी पोट बिघडलं होतं तेव्हा एका डॉक्टरांनी ती गोळी थोडे दिवस घ्यायला सांगितली होती. पोट बरं झालं. विनोद राहिला.

आता एक दिवसाआड त्यांना डायलिसिसच्या यंत्राला जोडत. हाताची शीर दोरखंडासारखी फुगली होती. नवं मूत्रपिंड बसवायचं ऑपरेशन होणार होतं, पण गोळी बनवणाऱ्या कंपनीकडून भरपाई मिळाली तरच. लेकीचा पगार औषधांतच संपत होता.

वकीलबाईंची खोली दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याच्या वरती. त्यांनी सगळं नीट उलगडून सांगितलं.

"तीन रस्ते आहेत. एक, ज्यांनी गोळी लिहून दिली त्या डॉक्टरांवर निष्काळजीपणाचा दावा."

"ते वारले," साहेब म्हणाले.

"आणि त्यांनी थोडेच दिवस लिहिली होती. म्हणजे तो रस्ता बंद. दुसरा, कंपनीशी तडजोड. त्यांनी देऊ केलेल्या रकमेत तुमचं ऑपरेशन व्हायचं नाही. तिसरा, कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात तक्रार. फार काळ घेतली तर मूत्रपिंडाला धोका, हे त्यांना ठाऊक होतं आणि पाकिटावर एक अक्षर छापलेलं नव्हतं. इथे आपण भक्कम आहोत."

"मग झालं तर."

"झालं नाही साहेब. कंपनीने तुमचं एक जुनं गिऱ्हाईक शोधलंय. तो सांगणार आहे की तुम्ही गोळी गमतीसाठी घ्यायचात. आजार नसताना, मजेखातर औषध गिळलं, तर मंच म्हणेल, चूक तुमची. जळजळ खरी होती हे घरातल्या माणसाने सांगायला हवं." त्या बायकोकडे वळल्या. "वहिनी, ते तुम्हीच सांगू शकता. व्हायची ना जळजळ?"

"पोट त्यांचं," ती हळू म्हणाली. "मी कसं सांगू?"

"अहो, तिला काय विचारता? सांगेल ती," साहेब म्हणाले. "माझ्याशिवाय आहे कोण तिला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्यांच्यासमोर ताट ठेवलं. मीठ नाही, डाळ नाही, भाजी दोनदा उकळून पाणी ओतून दिलेली. साहेब आज मऊ होते. असं त्यांना मऊ झालेलं तिने गिऱ्हाइकांसमोरच पाहिलं होतं.

"अगं, काय सांगायचं ते ठरवलंस का?"

"अहो, खरंच जळायचं का तुम्हाला?"

साहेबांनी चमचा खाली ठेवला. "आता तुझ्यापाशी काय लपवायचं. कधीच नाही जळलं. तुझ्या हाताला चव होती गं. लोक बोटं चाटत जायचे. पण नुसतं छान म्हटल्यावर कोण हसतं? हसले की हात सैल होतो माणसाचा."

ती उभीच राहिली.

"हे तुम्ही आजवर कधी म्हणाला नाहीत."

"आता म्हटलं ना? पण हे तिथे बोलू नकोस म्हणजे झालं. तिथे सांग की मसाला फार पडायचा, तेल पडायचं, ह्यांना रात्रभर चैन पडायची नाही. तुझ्या जेवणाला नावं ठेवलीस म्हणून तुझं काय झिजतंय?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि त्यांच्या पेल्यात मोजून पाणी ओतलं.

मंचाची खोली एखाद्या शाळेच्या वर्गासारखी होती. वर पंखा, भिंतीला बाक, अध्यक्षबाईंच्या पुढ्यात फायलींची चळत, आणि बाजूला साक्ष टाइप करणारा लेखनिक. साहेब चाकांच्या खुर्चीत, मागे लेक. गिऱ्हाइकाने आपली साक्ष दिली. गोळीची नक्कलसुद्धा करून दाखवली. खोलीत हशा पिकला, आणि साहेबांच्याही ओठांचे कोपरे सवयीने वर गेले.

मग तिला पुढे बोलावलं. खरं बोलेन, अशी शपथ तिने घेतली. इतक्या हळू आवाजात, की अध्यक्षबाईंनी पुन्हा म्हणायला लावली.

कंपनीचे वकील तरुण होते, फार गोड बोलणारे. "मावशी, घाबरू नका. घरी पाहुणे पुष्कळ यायचे?"

"यायचे."

"तुमचं जेवून कोणी आजारी पडलं?"

"नाही."

"मागून घ्यायचे?"

"घ्यायचे."

"मुलीला कधी त्रास झाला?"

"नाही."

"मग एकट्या साहेबांनाच व्हायचा? एकाच भांड्यातलं जेवून?" त्यांनी खोलीकडे पाहत हात पसरले. "की मावशी, तुमचा स्वयंपाक खरंच इतका वाईट होता?"

पुन्हा थोडं हसू झालं. वकीलबाई तिच्याकडे रोखून बघत होत्या. एवढं "हो" आलं की पुरे होतं. साहेबांनी मान किंचित हलवली. टेबलावरून आणखी भात वाढ असं खुणावताना हलवायचे, तशी.

ती म्हणाली, "नाही."

"काय नाही?"

"वाईट नव्हता. ह्यांना कधी जळजळ झाली नाही. ह्यांनीच मला सांगितलं. माझ्या हाताला चव होती म्हणाले. लोक बोटं चाटत जायचे."

वकीलबाईंनी डोळे मिटले. लेखनिकाचे हात चालत होते. ते थांबल्यावर ती त्याच्याकडे वळली आणि अदबीने विचारलं, "चवीचं लिहिलंत ना?"

"लिहिलं, मावशी."

"जरा वाचता का?"

त्याने अध्यक्षबाईंकडे पाहिलं. त्यांनी हात हलवला. लेखनिकाने सपाट आवाजात ते वाक्य वाचलं. ती मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

निकाल त्याच दिवशी आला. पाकिटावर इशारा छापायला हवा होता हे मंचाने मान्य केलं, कंपनीला समजही दिली. भरपाई मात्र नाही. ज्याला आजार नव्हता, त्याने करमणुकीसाठी औषध घेतलं, असं लिहिलं. वकीलबाई कागद आवरत म्हणाल्या, "अपील करता येतं. पण तिथेही हीच साक्ष वाचली जाईल." मग त्या निघून गेल्या. लेक गाडी आणायला म्हणून पुढे गेली. तिला आईजवळ उभं राहवत नव्हतं.

पॅसेजमध्ये दोघंच उरले. साहेबांचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता.

"एकदा," ते म्हणाले. "जन्मात एकदा स्वतःला वाईट म्हणायचं होतंस."

"ते तुम्ही म्हणत होतात की."

"अगं, थट्टा होती ती."

"शपथ घेतली होती मी."

"शपथ नको सांगूस मला. वाचून घेतलंस तू. ऐकायला बरं वाटत होतं तुला. मी बघत होतो."

तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "हो," ती म्हणाली. "बरं वाटलं."

साहेबांनी तिची बाही धरली. "मी यातून उठणार नाही हे तुला कळलं नाही का गं?"

"कळलं होतं," ती म्हणाली.

तिने बाहीवरची त्यांची बोटं एक एक करून सोडवली, हात त्यांच्या मांडीवर नीट ठेवला, आणि यंत्राची वेळ चुकायला नको म्हणून खुर्चीचा ब्रेक काढून ती उताराकडे वळवली.