ऐलीचे सुधारलेले आकडे

ऐली हार्जू पहिल्यांदा दवाखान्यात आली तेव्हा तिच्या हातात एक फुगलेली कापडी पिशवी होती. आमच्या डॉक्टर रोवेनाचा नियमच होता: नवी बाई घरात जे काही घेते ते सगळं तिनं घेऊन यायचं. जीवनसत्त्वं, चहाची पाकिटं, झोपेच्या गोळ्या, शेजारणीनं दिलेले थेंब, सगळं. बायका आधी ओशाळतात, मग एकेक बाटली टेबलावर मांडतात आणि मांडता मांडता बोलायला लागतात. ऐलीच्या पिशवीतून फक्त खोकल्याचं औषध, मॅग्नेशियम आणि लाकरिसच्या, म्हणजे ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या निघाल्या. पिशवी फुगली होती ती स्वेटरमुळे. तिला दर तासाला घाम फुटायचा आणि नंतर हुडहुडी भरायची, म्हणून ती सगळीकडे दोन स्वेटर बाळगायची.

आमचा दवाखाना नदीकाठच्या अॅस्टोरिया गावाच्या चढावर, जुन्या जाळी विणण्याच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. रोवेना हॅस्केल निसर्गोपचाराची डॉक्टर आहे. पोर्टलंडच्या कॉलेजातून शिकली, वीस वर्षांहून अधिक काळ बायकांच्याच तक्रारी बघते. मी तिथं रक्त काढते, ते प्रयोगशाळेकडे पाठवते आणि अर्क मापून बाटल्यांत भरते. जीवरसायनशास्त्राची पदवी घेऊन मी जवस दळते, असं माझी आई लोकांना सांगते. पुढं शिकायच्या आधी वर्ष-दोन वर्षं माणसं बघावीत, एवढाच माझा हेतू होता.

ऐली एकोणचाळीस वर्षांची. नदीच्या मुखाशी येणाऱ्या जहाजांना वाट दाखवणारे पायलट असतात, त्यांच्या बोटी कुठं कधी पाठवायच्या हे ती रेडिओवरून ठरवायची. आवाज सपाट, वाक्यं लहान. तिची पाळी वर्षभर थांबली होती. पोर्टलंडच्या मोठ्या दवाखान्यात तिला सांगितलं होतं की बीजांडकोश वेळेआधी थकले आहेत. अशा वेळी मेंदू त्यांना हाकारत राहतो, म्हणून रक्तात एफएसएच नावाचं संप्रेरक खूप वाढतं. तिचं तसं वाढलेलं होतं. मूल हवं असेल तर दुसऱ्या कुणाची बीजं घ्यावी लागतील.

ती दुसरी कुणी ठरलेलीही होती. ऐलीची धाकटी बहीण सेन्या, वॉरेंटनच्या शाळेत शिकवायची. ऐलीनं मागायच्या आधीच तिनं देऊ केलं होतं. पण इंजेक्शनं, तपासण्या, पोर्टलंडच्या फेऱ्या हे सगळं शाळेच्या उन्हाळी सुट्टीतच जमणार होतं, आणि मेअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. ऐली आमच्याकडे आली ती ऑक्टोबरात. तिचं म्हणणं सरळ होतं: तोपर्यंत माझ्या शरीराला एक संधी द्यायची. नंतर हळहळ नको.

रोवेनानं तिला आशा दिली नाही, हे मी नोंदवून ठेवते, कारण पुढं सेन्यानं वेगळा समज करून घेतला. रोवेना म्हणाली होती की झोप, जेवण आणि घाम यांत फरक पडेल. बीजांडकोशांबद्दल ती काही कबूल करू शकत नाही. मग नेहमीचे उपचार सुरू झाले. पोटावर एरंडेल तेलात भिजवलेली लोकरी घडी आणि वर गरम पाण्याची पिशवी. निर्गुंडीच्या कुळातल्या एका झुडपाच्या फळांचा अर्क. आणि बिया: महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जवस आणि भोपळ्याच्या, दुसऱ्यात तीळ आणि सूर्यफुलाच्या. पाळीच येत नसेल तर महिना चंद्रावरून धरायचा. ऐलीला हे सोपं गेलं. भरती-ओहोटीसाठी चंद्र तिला तसाही पाठ होता.

बियांना काही आधार आहे का, असं मी रोवेनाला विचारलं होतं. तिनं खांदे उडवले. म्हणाली, "बियांना फारसा नाही. पण जी बाई सकाळी बिया दळते ती बसून न्याहारी करते. न्याहारीला आधार आहे."

निघताना ऐलीनं दारातून आणखी एक गोष्ट विचारली. केस गळताहेत, त्याला काही आहे का? रोवेनानं फळीवरून एक बाटली काढून दिली आणि रोज सकाळी एक घ्यायला सांगितलं.

जानेवारीत मी तिचं रक्त काढलं. अहवाल आला तो मी दोनदा वाचला. एफएसएच जवळजवळ तरुण मुलीसारखं. इस्ट्रोजेन वर गेलेलं, प्रोजेस्टेरॉनही. रोवेनानं चष्मा काढून पुसला, परत लावला. नंतर म्हणाली की एका अहवालावर नाचायचं नसतं. मार्चमध्ये पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. त्याच आठवड्यात ऐलीला दोन दिवस थोडं रक्त गेलं. ती फोनवर हे सांगताना मागं रेडिओ खरखरत होता आणि ती मधेच कुणा कप्तानाला थांबायला सांगून परत आमच्याशी बोलत होती. तिचा सपाट आवाज तेव्हा पहिल्यांदा हलला.

घाम मात्र तसाच होता. तिनं ते प्रत्येक भेटीत सांगितलं आणि मी प्रत्येक भेटीत लिहून घेतलं. शरीराला वेळ लागतो, असं रोवेना म्हणाली. एरवी ती उलटं म्हणायची: कागद बाजूला ठेवा, बाई काय सांगते ते ऐका. या वेळी कागद इतका चांगला होता की तो बाजूला ठेवणं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

एप्रिलमध्ये ऐलीनं सेन्याला नको म्हणून सांगून टाकलं. सेन्यानं लगेच उन्हाळ्यासाठी अलास्काला जाणाऱ्या एका मासेमारी बोटीवर स्वयंपाकिणीचं काम धरलं.

मेच्या सुरुवातीला रोवेनानं थायरॉइडही तपासायचं ठरवलं, गर्भ राहण्याआधी ती नेहमीच तपासते. त्या अहवालाप्रमाणे ऐलीचा थायरॉइड बेफाम धावत होता. असा अहवाल असलेली बाई खुर्चीत नीट बसू शकत नाही. हात थरथरतात, छाती धडधडते, वजन उतरतं. ऐली समोर बसून लाकरिस चघळत होती. रोवेनानं तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग तळवे पाहिले. थंड आणि कोरडे. नाडी सावकाश.

"हा कागद दुसऱ्याच कुणाचा तरी आहे," रोवेना म्हणाली.

नळ्यांवर नावं मी स्वतः घातली होती, अदलाबदल शक्य नव्हती. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की नमुना बरोबर असेल आणि उत्तर अशक्य असेल तर नमुन्यात आणखी काय आहे ते बघायचं. मी एवढंच म्हणाले की रक्तात असं काहीतरी असणार जे यंत्राला फसवतंय, आणि ती आमच्याकडून जे घेते ते सगळं एकदा मांडून बघू. रोवेना फळीकडे गेली. केसांच्या गोळ्यांची बाटली काढून तिनं मागचं लेबल वाचलं.

"बायोटिन," ती म्हणाली. "हृदयाच्या तपासणीत हे घोळ करतं, असं आम्हाला सांगितलं होतं. एका व्याख्यानात. मी ऐकलं आणि हृदयापुरतंच ठेवलं."

गोष्ट फार अवघड नाही. रक्तातली संप्रेरकं मोजणाऱ्या बऱ्याच यंत्रांत बायोटिनचाच, म्हणजे केसांसाठी घेतात त्या जीवनसत्त्वाचाच, डिंकासारखा उपयोग करतात. रक्तात आधीच बायोटिनचा पूर असेल तर चिकटायच्या जागा तोच अडवतो आणि मोजणी चुकते. एका रीतीनं मोजलेली संप्रेरकं खोटी कमी दिसतात, दुसऱ्या रीतीनं मोजलेली खोटी जास्त. ऐलीची जी कमी व्हायला हवी होती तीच कमी दिसली आणि जी वाढायला हवी होती तीच वाढलेली. योगायोगानं चुकीला सुधारणेचा आकार आला होता. ती न्याहारीबरोबर गोळी घेऊन थेट आमच्याकडे रक्त द्यायला यायची, त्यामुळे पूर अगदी भर भरतीतला असायचा.

ऐलीनं सगळं ऐकून घेतलं. तिनं विचारलं की मार्चमध्ये रक्त गेलं ते खोटं होतं का. रोवेना म्हणाली ते खरं होतं. थकलेले बीजांडकोशही कधीतरी एकदा जागे होतात, पण त्यावरून काही धरता येत नाही. गोळी थांबवून पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त काढायचं ठरलं. रोवेनानं स्पष्ट सांगितलं की ही तिची स्वतःची चूक आहे, प्रयोगशाळेची नाही.

"माझे केस मात्र वाढलेत," ऐली म्हणाली. तिनं स्वेटर घातला, काढला आणि ती गेली.

नवा अहवाल आला. थायरॉइड उत्तम. एफएसएच पोर्टलंडच्या जुन्या अहवालापेक्षाही वर.

दोन दिवसांनी दोघी बहिणी आल्या. सेन्याला मी आधी पाहिलं नव्हतं. ऐलीचाच चेहरा, पण सतत हलणारा. ती खुर्चीवर बसली नाही. भिंतीवरच्या अर्कांच्या बाटल्यांकडे पाहत तिनं रोवेनाला विचारलं, "म्हणजे सहा महिने तुम्ही सगळ्या मिळून केसांची गोळी मोजत होतात?"

"हो."

"आणि ती दिली कुणी?"

"मी."

सेन्यानं बहुधा भांडणाची तयारी केली होती आणि ती वाया गेली. तिनं माझ्याकडे वळून विचारलं की मी इथं काय करते, दळते का. मी हो म्हणाले. मग तिनं जे बोलायचं होतं ते ऐलीला सुनावलं. रोवेनासारखी पुजारीण सांगते आणि ही चंद्र बघून तीळ खाते. तिच्या दिवाणखान्यात एरंडेलाचा वास मारतो. डेल बिचारा सोफ्यावर बसायला घाबरतो. डेल म्हणजे ऐलीचा नवरा. ऐली ऐकत होती. ती रेडिओवर चिडलेल्या कप्तानांना असंच ऐकून घेत असणार.

रोवेनानं पोर्टलंडच्या दवाखान्याला आधीच फोन केला होता. मेअखेरपर्यंत दोघींनी होकार दिला तर सुट्टीतली जागा अजून मिळत होती. हे तिनं सांगितलं आणि आम्ही बाहेर जाऊ का, असं विचारलं. ऐली म्हणाली, थांबा. तिला बहुतेक साक्षीदार हवे होते, किंवा एकटीनं तिथं बसायचं नव्हतं.

"तू नको म्हणालीस ना," सेन्या म्हणाली, "तेव्हा मी पुलावरून येत होते. पलीकडे गाडी थांबवली आणि रडले. आनंदानं. माझी सुटका झाली म्हणून. हे तुला माहीत असू दे."

"मला वाटलं होतं, तुला द्यायचंय."

"द्यायचंच होतं. आणि भीतीही वाटत होती. दोन्ही असतं, बाई. तू कधी विचारलंच नाहीस. मी देते म्हटलं आणि तू मान हलवलीस, जसं काही मी मीठ पुढं केलं."

 त्यांच्या घरात कुणी काही मागत नाही, एवढं मला बोलण्यातून कळलं होतं. आई पाय मोडून आठवडाभर घरात बसली तरी शेजाऱ्यांना कळवलं नव्हतं. एकमेकांना लागेल ते आधीच ओळखून पुढं ठेवायचं आणि त्यावर बोलायचं नाही, अशी त्यांची रीत होती. ऐली ऑक्टोबरात आमचा जिना चढली, बिया दळल्या, सहा महिने पोट शेकलं. त्यातलं बरंचसं बहिणीकडे मागावं लागू नये म्हणून होतं, असं मला त्या क्षणी वाटलं. हे मी सिद्ध करू शकत नाही.

"मग आता विचारते," ऐली म्हणाली. तिनं हातातला स्वेटर मांडीवर ठेवला. "सेन्या, तू मला तुझी बीजं देशील का? तुझी सुट्टी जाईल. बोट जाईल. तुला त्रास होईल आणि तरी मूल राहणार नाही, असंही होऊ शकतं. नाही म्हणालीस तर मी पुन्हा कधी विषय काढणार नाही. पण मला हवंय. मला फार हवंय."

सेन्या खिडकीपाशी गेली. खाली नदीवर एक मालवाहू जहाज नांगर टाकून उभं होतं. 

"मी सुजणार," ती न वळता म्हणाली. "चिडचिड करणार. अपरात्री फोन करून तुला शिव्या देणार."

"दे."

"आणि कुणी बिया खा म्हणालं तर मी उठून जाईन."

रोवेनानं सांगितलं की हे सगळं होईपर्यंत दोघींनीही तिच्याकडचं काही घ्यायचं नाही, पोर्टलंडवाले देतील तेवढंच. सेन्यानं विचारलं, मग आता तुमचं काम काय?  आत्ता काहीच नाही, असं रोवेना म्हणाली. ऐलीला बोलावंसं वाटलं तर ती इथं आहे, आणि त्याचे ती पैसे घेणार नाही.

दोघी निघाल्या. ऐली दोघींचे कोट हातावर घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबली, कारण सेन्या तिथंच बोटीच्या कप्तानाला फोन लावून उभी राहिली होती. दार उघडं असल्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"नाही, मी येत नाहीये," सेन्या म्हणाली. "हो, माहितीये उशीर झालाय. नाही, पैशाचं नाही." मग ती थांबली, पलीकडून बरंच बोलणं चाललं असावं. "नाही हो, कुणी गेलेलं नाही. बहिणीनं विचारलं म्हणून."