कोऱ्या नाण्यांची अंघोळ

अकोल्याच्या जुन्या बाजारात अन्सारचं नाण्यांचं दुकान होतं. एवढंसं, की दोन गिऱ्हाईकं आली तर तिसऱ्यानं पायरीवर बसावं. पण दोन हजार सहाच्या त्या उन्हाळ्यात पायरीही मोकळीच असायची. कापसाला भाव नव्हता, तिथं शौकाला कुठला?

त्या दुपारी अमरावतीहून शकुन आली. देवमन झेंडूवाल्याची बायको, तीन वर्षांमागं कपाळ पांढरं झालेली. देवमन फुलांचे डाले घेऊन अकोल्याला आला की अन्सारकडे चहा घ्यायचा आणि वर्षातून एकदा त्या सालच्या कोऱ्या नाण्यांचा संच न्यायचा. कुणाचा हात न लागलेली नाणी अन्सार निवडायचा, पुठ्ठ्याच्या गोल भोकांत बसवायचा, प्लास्टिक लावून कडा गरम इस्त्रीनं बंद करायचा. पोरगी झाली त्या सालापासून देवमननं एक वर्ष चुकवलं नव्हतं. “प्रतीक्षाच्या शिक्षणाले होतीन,” म्हणायचा.

आता प्रतीक्षाचा नर्सिंगला नंबर लागला होता. ती बाहेर पायरीवर बसली होती, आणि आत शकुननं संच बांधून आणलेलं फडकं सोडलं होतं.

सोळाही पाकिटं उसवलेली. हाराच्या दोऱ्यानं परत शिवलेली.

“भाभी, हे काहून उघडले?”

“घ्या! लक्ष्मीले का बिना अंघोळीची बसवू?” शकुन हसली. “ते गेल्यापासून दर दिवाळीले पाटावर मांडतो, चिचेनं धुतो, राखेनं घासतो. पाहा ना, कशे लखलख करून राहिले!”

लखलखत होती खरी. पण अन्सारनं भिंग लावलं, तर नाण्यानाण्यावर बारीक ओरखडे, कोवळ्या पानावर गारांचा मार बसावा तसे. टांकसाळीतून येताना अंगावर असतं ते तेज एकदा गेलं की गेलं. ते तिनंच पुसलं होतं, जीव लावून, बोटं दुखेस्तोवर. शौकिनाच्या लेखी ही आता निव्वळ चिल्लर होती.

“भाऊ, फीपुरते येतीन ना?”

तिच्या नखांत हळद होती. खरं सांगितलं, तर ही बाई जन्मभर आपल्याच हातांकडे पाहत बसेल. अन्सारनं भिंग खाली ठेवलं.

“भाभी, याले मोल नाही. सरकारी संच अलग असतात. हे मी घरी बांधलेले. देवमनले मी फसवलं.”

शकुननं पुढ्यातलं पाकीट दूर सारलं.

“तुमच्या पोरीच्या, जेबाच्या निकाहाचे हार त्याइनं फुकट देल्ले होते.”

“हो.”

“आन् तुमी त्याइले सोळा वर्स...”

“हो, भाभी.”

गल्ल्यात होतं नव्हतं ते त्यानं पुढं केलं. “त्यानं देल्ले तेवढे वापस घ्या.” फीच्या अर्ध्यालाही ते पुरणारे नव्हते. तिनं ते ओढून घेतले, संच तिथंच टाकले आणि ती बाहेर पडली.

“काय म्हणे चाचा?” प्रतीक्षानं विचारलं.

“चाचा नोको म्हणू त्याले!” शकुनचा आवाज बोळीच्या टोकापर्यंत गेला. “चोर हाये तो!”

समोरचा घड्याळवाला साजिद धावत आला. “काय झालं, अन्सारभाई? काय बोलून राहिली ती बाई?”

“खरं बोलली,” अन्सार म्हणाला, आणि संच साला-सालानं लावत बसला.