आज मनन नाही

सुवार्ता आणि तिचे वडील सोपानराव अकरा दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. पण देवाच्या मार्फत त्यांचं भांडण रोज सकाळी व्यवस्थित चालू होतं. दापोडीत रेल्वेलगतच्या त्यांच्या दोन खोल्यांत सहाच्या ठोक्याला सतरंजी पडायची. चर्चच्या मंडळीकडून येणाऱ्या पत्रिकेत रोजचा उतारा नेमून दिलेला असे. सोपानराव तो पवित्र शास्त्रातून वाचत, त्यावर दोन शब्द मनन सांगत, आणि मग डोळे मिटून एकेकानं प्रार्थना करायची. सोपानराव म्हणत, "हे बापा, या घरातल्या हट्टी लेकराला सुबुद्धी दे." सुवार्ताची पाळी आली की ती म्हणे, "प्रभू, ज्यांचं मन दगडाचं झालंय त्यांना पाझर फोड." मधल्या मध्ये पंचाईत तिच्या आईची, शालनबाईंची. दोघांच्याही प्रार्थनेला आमेन म्हणणं भाग, आणि त्या ते दोन्ही वेळा मोजून सारख्याच जोरात म्हणत.

भांडणाचं मूळ एक कागद. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना निघाला होता आणि तिथं बाटल्या तपासायला मुली घेत होते. सुवार्ताचं नाव लागलं होतं. एकोणीस वर्षांच्या मुलीला एवढ्यासाठी बापाची सही लागावी, हेच तिला आधी झोंबलेलं. त्यात सोपानरावांनी कागद वाचला, घडी घातली आणि न बोलता परत दिला. आज आठच्या आत सहीचा कागद घेऊन फाटकावर हजर व्हायचं होतं, नाही तर जागा दुसरीला. त्यासाठी सातची गाडी गाठायला हवी होती.

ते का अडवतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी तिचा थोरला भाऊ शांतवन चिंचवडकडच्या एका ओतकामाच्या कारखान्यात भाजून वारला. सुवार्ताही त्याच्यासाठी रडली होती. पण म्हणून काय जन्मभर चुलीपुढे बसायचं? हे तिला पटत नव्हतं, आणि पटवून देण्याची तसदी कोणी घेतलीही नव्हती.

आज सोपानरावांनी उतारा काढला आणि उगीचच चष्मा पुसत बसले. मग वाचू लागले. पाच बहिणी होत्या, बाप मेलेला, भाऊ नाही. त्या मोशेपुढे सगळ्या लोकांदेखत उभ्या राहिल्या आणि बापाच्या जमिनीतला आमचा वाटा आम्हाला द्या म्हणाल्या. मोशेनं देवाला विचारलं. देव म्हणाला, मुलींचं म्हणणं रास्त आहे.

सुवार्ताच्या अंगावर काटा आला. पत्रिका छापणाऱ्याला काय ठाऊक तिचा कागद! देवानं चक्क तिची बाजू घेतली होती, आणि तीही तिच्या बापाच्या तोंडून. आता मनन काय सांगतात ते बघायचं. बाबा काहीही करतील, पण शास्त्राचा अर्थ फिरवणार नाहीत, याची तिला खात्री होती.

सोपानरावांनी शास्त्र मिटलं. "आज मनन नाही," ते म्हणाले.

शालनबाईंनी दचकून वर पाहिलं. तापानं फणफणत असतानाही या माणसानं मनन चुकवलं नव्हतं.

सुवार्ताचं डोकंच फिरलं. डोळे मिटल्याबरोबर, पाळी नसताना तिनं सुरुवात केली. "प्रभू, तू स्पष्ट बोललास. दुसऱ्यांना वर्षानुवर्षं अर्थ सांगायचा आणि स्वतःवर आलं की शास्त्र मिटायचं, याला ढोंग म्हणतात. आमेन."

या वेळी शालनबाईंच्या तोंडून आमेन निघालं नाही. बाहेरून मालगाडी गेली, फळीवरची भांडी वाजली. आता थोबाडीत बसणार, असं सुवार्ताला वाटलं आणि तिनं डोळे अधिकच घट्ट मिटले.

"हे स्वर्गीय पित्या," सोपानराव म्हणाले. प्रार्थनेचा त्यांचा आवाज वेगळा असे, शुद्ध, उपासनेतला. "तू अंतःकरणे पाहणारा आहेस. त्या सकाळी..." ते थांबले. पुन्हा बोलू लागले तेव्हा तो आवाज नगरकडच्या त्यांच्या गावाचा होता. "त्या दिशी पोरगं म्हनलं, बाबा, आज कामावर जात न्हाई. भट्टीचं काय खरं न्हाई, मुकादम ऐकत न्हाई. ह्याच सतरंजीवर बसला व्हता. आन उतारा निघाला, जो काम करनार न्हाई त्यानं खाऊ बी नये. म्या मनन सांगितलं. लई चांगलं सांगितलं, आळस म्हंजी काय ते. पोरगं गपचिप उठलं, डबा घेतला आन गेलं. तुमी दोघी नगरला व्हता."

सुवार्ताला खटकलं. तुम्ही दोघी, असं देवाला कोण म्हणतं? तिनं डोळे उघडले.

सोपानरावांचे डोळे उघडेच होते. ते तिच्याकडेच पाहत होते. केव्हापासून, कोण जाणे.

"तवापास्नं कुनाला जा म्हनायचं तर जीभ उचलत न्हाई," ते म्हणाले.

ढोंग हा शब्द परत गिळता आला असता तर तिनं तो गिळला असता. शालनबाई तोंडात पदर धरून रडत होत्या. तीन वर्षं हा माणूस एवढं पोटात ठेवून त्यांच्या हातचं जेवत होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

"म्या नको म्हनलो तर ऱ्हाशील?" सोपानरावांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं, आणि त्यांची ती अवस्था पाहून सुवार्ताला म्हणावंसंही वाटलं. पण ते खरं नव्हतं. "नाही, बाबा," ती म्हणाली. "सही नसली तरी फाटकापर्यंत जाईन. मला जायचंय."

 सोपानरावांनी हात पुढे केला.

"दे तो कागद," ते म्हणाले. "शांतवनला म्या येवढं बी इचारलं न्हवतं."