वाट देणारा रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे, पण माझ्यावर गाणी लागत नाहीत. हवेतली कोणती लहर रिकामी आहे ते ऐकायचं, तिच्यावरून निरोप पाठवायचा आणि तिचा खरा धनी बोलू लागला की लगेच बाजूला व्हायचं, हे माझं काम.

सोलापुरातल्या एका कॉलेजात सायराबानू मॅडमनी मला घडवलं. माझं पत्र्याचं खोकंसुद्धा त्यांनी स्वतः कापलं. बोलण्याआधी ऐकायला शिकवण्यात त्यांची दोन वर्षं गेली. लोक म्हणत, "रेडिओनं लांब बोलावं, हा ऐकत काय बसतो?" मॅडम पुन्हा तारा जोडायला बसत.

मग मला मैंदर्गीजवळच्या एका दवाखान्यात बसवलं. तिथे मोबाईलला रेंज मिळत नसे. एके दुपारी मॅडम मला तपासायला आल्या होत्या, तेवढ्यात मेंढपाळ सिद्धाप्पा बायकोला घेऊन आले. चिमाबाईंच्या छातीत कळा येत होत्या. सिस्टरनी हृदयाचा आलेख काढला आणि मी तो सोलापूरच्या डॉक्टरांकडे पाठवू लागलो. निम्मा गेला असेल, तोच त्या लहरीवर आगीच्या बंबाचा वायरलेस बोलू लागला. कुठेतरी कडब्याची गंज पेटली होती आणि जवान रस्ता विचारत होते. लहर त्यांची होती. मी गप्प झालो.

"बंद पडलं की, म्याडम." सिद्धाप्पा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

"बंद नाही पडला, मामा. बंबवाले बोलतायत, म्हणून त्यानं जागा सोडली. दुसरी शोधतोय."

पहिली लहर भरलेली. दुसरीही. तिसरी मोकळी मिळाली आणि राहिलेला आलेख गेला. डॉक्टरांनी औषध कळवलं, लगेच सोलापूरला आणायला सांगितलं. चिमाबाई वाचल्या. बंबही वेळेत पोचला होता. गंजीशेजारचा गोठा, आतल्या जनावरांसकट, वाचला.

पुढे माझ्याहून हुशार रेडिओ आले. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या फळीवर गेलो. अँटेना ढिली झाली, अंगावर धूळ बसली. यंदा चिमाबाई दोन जिने चढून मला बघायला आल्या.

"ह्योच का त्यो?" म्हणत त्यांनी पदरानं मला पुसलं. "आनि ह्याला असं का ठेवलाय?"

मॅडम ओशाळल्या. त्यांनी मला खाली घेतलं, अँटेना घट्ट केली, वीज जोडली.

मित्रांनो, जुनं यंत्र भंगारात देण्याआधी एकदा पुसून, जोडून पाहा. मला अजून ऐकू येतं.