चाळीस फुटांवरचा दात

मित्रांनो, मी एक जुना दात आहे. लगेच दात काढू नका! माझ्या वयापुढे तुमच्या पणजोबांचे पणजोबाही कालची पोरं आहेत.

माझा धनी दिवसभर नदीत डुंबायचा आणि तिन्हीसांजेला काठावर येऊन गवत खायचा. ते सगळं गवत मी दळलं. दळून दळून माझा माथा झिजला आणि त्यावर तीन पाकळ्यांची नक्षी उमटली. मग धनी गेला. नदीने मला वाळूत पुरलं आणि पुढे नदीही गेली. वर मातीचे थर चढत राहिले आणि मी दगड झालो.

मला बाहेर काढलं ते विहिरी खोदणाऱ्या काकांनी. चाळीस फुटांवर त्यांची पहार खणकन लागली आणि माझ्या कडेचा टवका उडाला. काका मला खिशात घालून गावभर दाखवत फिरले. लोक म्हणाले, म्हशीचा दात वरून पडला असेल, आणि हे म्हणे चाळीस फुटांवरून काढला! काकांचं नावच पडलं थापाडे. आधी ते भांडायचे, मग त्यांनी विषयच सोडला आणि मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं. तिथे मी बावीस वर्षं काढली. खरं बोलून माणूस खोटा ठरला होता, हे मला फार सलायचं.

शहरातल्या संग्रहालयात एक बाई आहेत, त्या मातीदगडांवरून जुन्या हाडांची ओळख पटवतात, असं काकूंच्या कानावर आलं. एकदाचा सोक्षमोक्ष लावायचाच, असं त्यांनी ठरवलं. चार शिकलेल्या माणसांत न्यायचं म्हणून त्यांनी मला घासायला घेतलं. ब्रश काय, साबण काय! अंगावरची सगळी जुनी माती मोरीत वाहून गेली. मी लख्ख झालो आणि काकू खूश झाल्या.

बाईंनी मला पाहून कपाळावर हात मारला. नक्षी पाणघोड्याच्या दातासारखी आहे, पण कड फुटली आहे, त्यामुळे रानडुकराचाही असू शकेल, असं त्या म्हणाल्या. शिवाय जिथे ओढासुद्धा धड वाहत नाही, तिथे पाणघोडा येणार कुठून? मी कुठल्या थरातला, हे सांगणारी माती तर धुऊन टाकली होती. काकूंचा चेहरा एवढासा झाला.

पण बाई चिकाटीच्या. त्यांनी सुईने माझ्या मुळाच्या पोकळीतून चिमूटभर राखी वाळू काढली आणि काकांना विचारलं, खोदताना काय काय लागलं? काकांनी घडाघडा सांगितलं. आधी काळी माती, मग मुरूम, मग चिकणमाती आणि चाळीस फुटांवर राखी वाळू, गुळगुळीत गोटे. विहीर आता बांधून काढली होती. पण तोच थर टेकडीपलीकडे ओढ्याच्या दरडीत उघडा पडला आहे, हेही त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिघंही मला घेऊन तिथे गेली. बाईंनी दोन्ही वाळू भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या. रंग तोच, कण तेच आणि मोहरीएवढे शंखही तेच.

"काका, इथे मोठी नदी होती," बाई म्हणाल्या. "माणसाने म्हैस पाळायच्या कितीतरी आधीची. हा पाणघोड्याचाच दात आहे, आणि तुम्ही सांगता त्याच थरातला आहे."

काका दरडीपाशी बसले आणि त्यांनी मूठभर राखी वाळू हातात घेतली. काकू त्यांच्याजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, माझ्याही मनात शंका होती."

"माहीत होतं गं मला," काका म्हणाले.

मला तेव्हा रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

आता मी संग्रहालयात काचेच्या कपाटात असतो. मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुम्हाला सापडलं तर घासू नका. कुठे, किती खोल आणि कशात सापडलं ते तिथेच लिहून ठेवा. आणि कुणी असं काही दाखवायला आणलं, तर हसण्याआधी त्याच्याबरोबर ती जागा बघायला जा. काकांबरोबर जायला माणूस मिळेपर्यंत बावीस वर्षं गेली.