आळीतल्या आळीत

दक्षता केणे लेखिका आहे हे डोंबिवलीतल्या अख्ख्या कोपर गावाला माहीत होतं. ती नेमकं काय लिहिते असं विचारलं की मात्र तिच्या घरचे लोक चहा विचारायचे.

ती ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या एका स्टुडिओत, रोज संध्याकाळी लागणाऱ्या एका मालिकेत सहायक संवादलेखिका होती. मोठे संवाद मोठे लेखक लिहायचे. दक्षताकडे प्रतिक्रिया होत्या. म्हणजे मालिकेतल्या सासूने काही गौप्यस्फोट केला की घरातली उरलेली माणसं एकेक करून जे बोलतात ते. ‘काय?’, ‘नाही!’, ‘हे कसं शक्य आहे?’ यात तिचा चांगलाच हात बसला होता. ‘काय?’नंतर ‘काय!’ चालतं, पण ‘नाही!’नंतर ‘नाही?’ आलं तर प्रेक्षक गोंधळतो, हे तिने झोपेतही सांगितलं असतं.

तिचे बाबा, सुदेश केणे, रेती-विटांचे सप्लायर. पूर्वी घराण्याची शेती आणि मिठागर होतं, आता त्या जागी तीन बिल्डिंगी होत्या. सुदेशशेठ मालिका न चुकता बघायचे, आवाज वाढवून, दार उघडं टाकून. पडद्यावरची जाऊ ‘काय?’ म्हणून किंचाळली की ते जिन्यातल्या माणसाला सांगायचे, “हा डायलॉग आपला.” मग शेवटी नावांची पट्टी यायची आणि ते टीव्हीला नाक लावून उभे राहायचे.

“जेवण देणाऱ्याचं नाव हाय. तुझं नाय.”

“बाबा, त्याचं कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं असतं.”

“मग तू पण डबे द्यायला घे ना, बाय.”

धंद्याचा हा पहिला धडा दक्षताने मनात नोंदवून ठेवला होता. लिहिणं वेगळं, नाव लागणं वेगळं. म्हणून तर ती सुट्टीच्या दिवशी वर्तकनगरला आसावरीताईंच्या नाट्यलेखनाच्या वर्गाला जायला लागली. आसावरीताई ठाण्यात नाटकं बसवायच्या, स्वतः काढायच्या, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगायच्या की तुमच्या नाटकातली पहिली दहा पानं फेकून द्या. एका मुलाचं नाटक नऊ पानांचं होतं. तो परत आला नाही.

दक्षता टिकली. तिने नाटक लिहिलं. नाव ‘उघाडी’. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली फळीची झडप, भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बंद ठेवायची. नाटकातला थोरला भाऊ एका भरतीला ती मुद्दाम उघडी टाकतो. शेत खारवतं, नासतं, आणि धाकटे भाऊ नाइलाजाने बिल्डरला जमीन विकायला तयार होतात. शेवटच्या प्रवेशात त्याच्या म्हाताऱ्या आईला हे कळतं. ती फार बोलत नाही, पन्नाशीच्या मुलाच्या कानाखाली एक ठेवून देते. आणि तो, आयुष्यात पहिल्यांदा, खरं बोलतो.

आसावरीताईंनी वाचलं. चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, “तुमच्या गावात जत्रेला नाटक असतं ना? तिथे कर. मी येते बघायला. उभं राहिलं तर ठाण्यात मी काढते. पोस्टरवर तुझं नाव.”

“आणि नाही उभं राहिलं तर?”

“तर तू प्रतिक्रिया छान लिहितेस.”

झालं. दक्षताच्या डोक्यात आता ते पोस्टर चिकटलं ते निघेना.

पण कोपरच्या जत्रेतल्या नाटकाला एक नियम होता, आणि तो तिच्या जन्माआधीचा होता. गावात दोन आळ्या, वरची आणि खालची. फार पूर्वी एका ऐतिहासिक नाटकात खालच्या आळीच्या सीतारामने वरच्या आळीच्या परशुरामला भर दरबारात थोबाडीत मारली होती. संहितेत होती, पण सीतारामने अभिनय जरा मन लावून केला. परशुरामने तिथेच सिंहासन उचललं. त्यानंतर कित्येक वर्षं दोन्ही आळ्या एकमेकांच्या हळदीला गेल्या नाहीत, म्हणजे आमच्याकडे जवळजवळ नातं तुटल्यातच जमा. शेवटी देवीपुढे बसून समेट झाला, आणि त्यात कलम घातलं गेलं: स्टेजवर एका आळीच्या माणसाने दुसऱ्या आळीच्या माणसावर हात उगारायचा नाही. शिवी द्यायची नाही. शाप चालेल का यावर बराच खल झाला, शेवटी तोही नको असं ठरलं.

तेव्हापासून कोपरच्या नाटकांतले खलनायक आपणहून सुधारू लागले. दरोडेखोर विनंतीवरून शरण यायचे. एका वर्षी इन्स्पेक्टरने खुन्याला “वेळ असेल तर चौकीवर येऊन जा” असं सांगून पडदा पाडला होता. टाळ्या पडल्या होत्या.

दक्षताला हा नियम ठाऊक नव्हता असं नाही. पण इतक्या वर्षांत कोण धरून बसलंय, असं तिला वाटलं. थोरला भाऊ म्हणून तिने बाबांनाच घेतलं, कारण गावात हिरो करणारा दुसरा माणूस नव्हता आणि असता तरी बाबांनी करू दिला नसता. आईच्या कामाला खालच्या आळीची करिश्मा. करिश्मा पोरगी जोरदार होती. तालमीच्या पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “उजव्या हाताने मारू की डाव्या? माझा डावा जड हाय.”

ती चपराकीच्या प्रवेशापर्यंत पोचली, हात वर गेला, आणि समाजमंदिराच्या दारातून आवाज आला, “थांब!”

जत्रा कमिटीचे अध्यक्ष गोमाजीकाका होते. स्वतः खालच्या आळीचे, पण नियमाच्या बाबतीत कुठल्याच आळीचे नाहीत.

“करिश्मा कुठली?”

“खालची,” करिश्मा म्हणाली.

“सुदेश कुठला?”

“अरे काका, तुला म्हायती नाय का मी कुठला?” सुदेशशेठ वैतागले.

“मना म्हायती हाय. कायद्याला सांग.”

“वरचा.”

“मग हात खाली.”

दक्षता पुढे आली. “काका, ती चपराक काढली तर नाटकच राहत नाही.”

“राहतं की. तिनं त्याला पाटावर बसवावा, पाणी द्यावा, आनि समजावून सांगावा. आजकालची पोरं समजावल्यावर ऐकतात.”

“तो पन्नास वर्षांचा आहे.”

“मग वाटल्यास दोनदा समजवावा.”

दक्षताने ताईंना फोन लावला. आईने समजावून सांगितलं तर कसं वाटेल, असं चाचपडत विचारलं. “मग ते नाटक नाही राहणार गं,” ताई म्हणाल्या, “ती सोसायटीची वार्षिक सभा होईल. त्यासाठी मी डोंबिवलीत कशाला येऊ? आमच्या सोसायटीत जाईन.”

त्या संध्याकाळी जेवताना दक्षता वरणात नुसतीच बोटं फिरवत बसली. तिची आजी, मनुबाई, शेजारी बसून सुके बोंबील निवडत होती. सुदेशशेठ भाताचा घास हातात धरून बराच वेळ थांबले. रेतीचा भाव लावताना ते असेच थांबायचे.

“नियम काय हाय? दुसऱ्या आळीच्या माणसावर हात नाय उगारायचा.”

“हो ना.”

“आपल्या आळीच्या माणसावर?”

दक्षताने वरणातून बोटं बाहेर काढली.

“आपल्या आळीत बायका किती हायत नाटकाच्या?” सुदेशशेठनी घास तोंडात टाकला. “एक. तूच. सगळं तुझं पाठ हाय. लुगडं आजीचं घाल, विग भाड्यानं आण.”

“म्हणजे मी तुमची आई?”

“मग काय झालं?”

“आणि मी तुम्हाला मारायचं?”

“नाय तर काय मी तुला मारू? लिहिलंय कोनी?”

मनुबाईने बोंबलावरून मान वर केली. “मी याला कवा हात लावला नाय. लावायला पायजे होता. माज्या वतीनं मार, बाय.”

गोमाजीकाकांनी नियम दोनदा आठवून पाहिला. आळीतल्या आळीत, त्यातही घरातल्या घरात मारामारीला समेटात काहीच अडथळा नव्हता. उलट तशी ती रोजच चालायची. करिश्माला धाकट्या सुनेचं काम मिळालं. ते तिने घेतलं, पण पुढे कित्येक दिवस ती आपल्या डाव्या हाताकडे हळहळून बघायची.

खरी पंचाईत पुढेच होती. दक्षताचा हात उठेना.

तालमीत ती तिथवर यायची. पात्राचा राग यायचा, आवाज चढायचा, हात खांद्यापर्यंत जायचा, आणि बाबांच्या गालाशी पोचेपर्यंत त्याचं आशीर्वादात रूपांतर व्हायचं. एकदा तर तिने त्यांच्या कानावरची विटांची भुकटीच झटकली.

“हे काय? माशी हाकलतंस?” सुदेशशेठ ओरडायचे. “शेवटच्या रांगेत ऐकू गेलं पायजे!”

“बाबा, खोटी मारू. मी हात फिरवते, तुम्ही त्याच वेळी मागे टाळी वाजवा. स्टुडिओत तर हात लावतच नाहीत. आवाज नंतर घालतात. आणि तोच फटका तीनदा दाखवतात.”

“खोटी?” सुदेशशेठना चपराकीपेक्षा हे जास्त लागलं. “गावासमोर मी खोटी खाऊ? मी आजवर कोनाला मिक्स रेती दिली नाय.”

दक्षताने दुसरा उपाय शोधला. चपराक लागली नाही तरी चालावं म्हणून तिने पुढचं भाषण वाढवलं. थोरला भाऊ सगळी कबुली देतो ते. आधी ते आठ ओळींचं होतं, आता ते दीड पान झालं. त्यात खाडी होती, भरती होती, बापाच्या पायाचे मिठाने फाटलेले तळवे होते. ते वाचून तिला स्वतःलाच रडू आलं होतं, आणि लेखकाला एवढं पुरतं. सुदेशशेठनी तेही घोकून पाठ केलं. विटांचा ट्रक खाली होत असताना हमालांना म्हणून दाखवलं. हमालांनी ट्रक लवकर रिकामा केला.

जत्रेचा दिवस आला. देवीची आरती झाली, आणि देवळापुढच्या पटांगणात डावीकडे वरची आळी, उजवीकडे खालची अशी गर्दी बसली. पुढच्या रांगेत आसावरीताई. त्यांच्या एका बाजूला गोमाजीकाका, दुसऱ्या बाजूला मनुबाई. मनुबाई त्यांना सारखी सांगत होती की स्टेजवरची म्हातारी म्हणजे मीच हाय, फक्त मी इकडं बसलेय.

नाटक चाललं. लोक हसले, जिथे हसायचं तिथे आणि करिश्मा दिसली की उगाचच. आणि मग शेवटचा प्रवेश आला.

दक्षता पांढऱ्या विगमध्ये, आजीच्या लुगड्यात, बापासमोर उभी राहिली. “तू सोडलास खारा पाणी?” हे चपराकीआधीचं तिचं शेवटचं वाक्य. यानंतर शब्द नव्हते. सुदेशशेठ गाल पुढे करून उभे होते. गाल जरा जास्तच पुढे होता. आणि त्यांच्या डोळ्यांत तिला दिसलं की हा माणूस घाबरलाय. माराला नाही, ती मारणार नाही याला. गावासमोर, ठाण्याच्या बाईसमोर पोरीचं नाटक पडणार, याला.

मग हात गेला.

आवाज असा आला की साउंडवाल्याने सवयीने बटण खाली केलं.

अख्खी वरची आळी एकदम उठून उभी राहिली. त्यांच्या माणसाला लागली होती, पिढ्यांची सवय होती, बाह्या वर गेल्या. मग मारणारं कोण हे त्यांनी पाहिलं. तीही वरचीच. शेजारी पाहिलं, खालची आळी हाताची घडी घालून बसलेली. भांडायला कुणीच नव्हतं. वरची आळी काही क्षण तशीच उभी राहिली आणि मग एकेक करून, खुर्ची नीट आहे ना बघत, खाली बसली.

स्टेजवर सुदेशशेठनी तोंड उघडलं. आता दीड पानाचं भाषण.

काहीच आलं नाही. त्यांनी तोंड मिटलं. गालावर हात ठेवला. आणि मान खाली घातली. सुदेश केणेंची मान खाली गेलेली कोपरमध्ये आजवर कुणी पाहिली नव्हती, बँकेतसुद्धा.

विंगेतून पुस्तक धरून बसलेला पोरगा भाषणाचं पहिलं वाक्य कुजबुजायला लागला. दक्षताने लुगड्याआडून हाताने त्याला गप्प केलं. बापाच्या खाली गेलेल्या मानेकडे बघताना तिला कळलं की तिने लिहिलेलं ते दीड पान इथे आधीच बोलून झालंय. खाडी, भरती, तळवे, सगळं. तिने जागच्या जागी ते अख्खं कापलं. स्वतःचं लिहिलेलं कापताना तिला पहिल्यांदाच दुखलं नाही. ती थेट पुढच्या वाक्यावर गेली, “चल. भरतीच्या आधी उघाडी लावून येऊ,” आणि बापाचा हात धरून विंगेत गेली. पडदा पडला.

मग टाळ्या. आधी खालच्या आळीतून, हे विशेष.

गोमाजीकाकांनी माइक घेतला. नावं सांगायची पद्धत होती ती आळीवार, पण लेखकाचं नाव सांगायची वेळ कोपरमध्ये कधी आली नव्हती. नाटकं छापील पुस्तकातून यायची. काका थोडे अडखळले. “आनि... ह्या नाटकाचा लेखक... म्हंजे आपली दक्षता,” ते म्हणाले. मग कुठल्या आळीची हे सांगायला तोंड उघडलं, दोन्हीकडे पाहिलं, आणि म्हणाले, “आपल्या गावची.”

आसावरीताई विंगेत आल्या तेव्हा दक्षता विगच्या पिना काढत होती.

“कबुलीचं भाषण होतं ना तिथे? मी वाचलं होतं.”

“कापलं.”

“कधी?”

“मगाशी. स्टेजवर.”

ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “पोस्टरवर काय घालायचं? नुसतं दक्षता केणे?”

दक्षताने पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. सुदेशशेठ मेकअप न उतरवता थेट प्रेक्षकांत गेले होते. खालच्या आळीच्या माणसांसमोर, दिव्याखाली, गाल वळवून उभे होते. गालावर चार बोटं स्पष्ट उमटली होती आणि माणसं वाकून वाकून बघत होती.

“अशीच उठली नाय ही,” ते समजावून सांगत होते. “माज्या पोरीनं लिवलेली हाय.”

“दक्षता सुदेश केणे,” ती म्हणाली. “पूर्ण.”

ती बर्फाचे खडे रुमालात घेऊन बाहेर गेली. सुदेशशेठनी तिचा हात बाजूला केला.

“बर्फ नको लावू.”

“बाबा, सुजलंय.”

“सुजू दे. उद्या कल्यानला हळद हाय, सगले पावने येतील,” ते म्हणाले. “तवर ऱ्हायला पायजे.”