समोरच्या वॉर्डातली

"ती बाई परत आली बघ. पोराला जवळ घे," शकुबाई ज्ञानेश्वरीच्या कानाशी लागून म्हणाली.

बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दारात निळ्या मॅक्सीतली एक बाई उभी होती. ओढणी छातीशी घट्ट धरलेली. सकाळपासून हेच चाललं होतं. आतही येईना, जाईही ना. नजर मात्र पाळण्यावर.

शकुबाई पुढं झाली. "क्या मंगता?"

"कुछ नहीं, मौसी. बस देख रही थी."

"देखना-बिखना नाय. चल, निघ!"

तुर्भ्याच्या त्या दवाखान्यात आयाचं काम करता करता शकुबाईचे केस पिकले होते. बाळंतिणीच्या नुसत्या कण्हण्यावरून तिला कळायचं, कुणाला कळ आलीय आणि कुणाला आई आठवतेय. पण परमुलखातली बाई दिसली, की तिच्या कपाळाला आठी पडायची. वस्तीत पोरं पळवणाऱ्या बायकांचे व्हिडिओ फिरत होते, ते तिनं डोळे फाडून पाहिले होते.

दुपारी ती गरम पाणी घेऊन आली, तर ज्ञानेश्वरीला झोप लागलेली, बाळ टाहो फोडतंय आणि ती बाई पाळण्यात वाकलेली. शकुबाईनं हातातलं पाणी तिथंच टाकलं आणि तिचं मनगट धरलं.

"पोर चोरतीया! आरं, धरा हिला!"

वॉर्ड गोळा झाला. कुणीतरी तिची वेणी ओढली. ओढणी खाली पडली. मनाली सिस्टर धावत आल्या.

"मावशी, सोडा! ही समोरच्या वॉर्डातली मीना. परवा तिचं बाळ पोटातच गेलं. तुमी रजेवर होता ना?"

शकुबाईची नजर मीनाच्या छातीकडं गेली. मॅक्सी दोन्हीकडं दुधानं ओली झाली होती. बाळ रडत होतं तोवर ओल पसरतच राहिली. आपल्या साताऱ्याकडची कुणी असती, तर शकुबाईला हे दारातच कळलं असतं.

मीना ओढणी उचलून निघून गेली.

जरा वेळानं शकुबाई सुती फडकं घेऊन समोरच्या वॉर्डात गेली. मीना भिंतीकडं तोंड करून बसली होती. मनगटावर लाल वळ उठले होते.

"बाय, छाती आवळून बांधते. ठणका कमी होईल."

"रहने दो, मौसी."

मीनानं स्वतःचीच ओढणी छातीभोवती गुंडाळली. पाठीमागं गाठ बसेना, पुन्हा पुन्हा सुटत होती. शकुबाईचा हात पुढं झाला आणि तिथंच थांबला. मग मीनानं गाठ फिरवून पुढं घेतली, एक टोक दातांत धरलं आणि आवळली.